विद्यापीठात रात्री अडीच वाजता निर्णय कोण घेतं?

आज कोणत्याही विद्यापीठात जाऊन विचारलं, तर आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा तयार आहे असंच उत्तर मिळतं. आराखडा असतोही. पहिल्या पानावर समिती असते: अध्यक्ष कुलगुरू, सदस्य सचिव कुलसचिव, मग अधिष्ठाते, कार्यकारी अभियंता, सुरक्षा अधिकारी. पुढे भूकंप, पूर, आग, वीज पडणं यांवर एकेक प्रकरण आणि शेवटी दूरध्वनी क्रमांकांची यादी. नॅकची, म्हणजे महाविद्यालयं-विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची, समिती येणार असली की ही फाइल बाहेर येते, समिती गेली की कपाटात जाते. पण फाइल कपाटात पडून राहते, ही माझी मुख्य तक्रार नाही. ती सगळ्यांनी पाठ केली तरी फार फरक पडणार नाही, कारण ती लिहिताना डोळ्यासमोर भलताच माणूस ठेवलेला असतो.

आठवड्याचे तास 168. विद्यापीठाचं कार्यालय सहा दिवस, रोज आठ तास चालतं असं धरलं तरी होतात 48. उरलेले 120 तास परिसर कोणाच्या हाती असतो? गेटवरच्या रक्षकाच्या, वसतिगृहाच्या रेक्टरच्या, रात्रपाळीच्या वायरमनच्या आणि हजारो विद्यार्थ्यांच्या. समितीतला एकही सदस्य त्या वेळी जागेवर नसतो. मग आराखडा या 120 तासांसाठी का लिहू नये? आणि त्या वेळी जो हजर आहे त्याच्याच हाती, लेखी आदेशानं, पहिल्या निर्णयाचा अधिकार का देऊ नये? माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या विद्यापीठांमध्ये साधनांपेक्षा या अधिकाराची उणीव मोठी आहे.

16 एप्रिल 2007 ला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात सकाळी सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात गोळीबार होऊन दोघांचा जीव गेला. विद्यापीठाचे पोलिस लगेच पोहोचले. वरिष्ठांची बैठक बसली, काय कळवायचं यावर विचार झाला, आणि विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला 9 वाजून 26 मिनिटांनी. त्यानंतर पाव तासाच्या आत तोच हल्लेखोर नॉरिस हॉल या इमारतीत शिरला. त्या दिवशी एकूण 32 जण मारले गेले. त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी होती. चौकशी समितीनं नंतर जे नोंदवलं ते आपल्याकडच्या प्रत्येक कुलसचिवानं वाचावं असं आहे: घटनास्थळी असलेल्या विद्यापीठ पोलिसांना स्वतःहून इशारा पाठवण्याची सोयच नव्हती, तो संदेश वरच्या मंडळींकडूनच जायचा. इशारा आधी गेला असता तर सगळे वाचले असते असं कोणी ठामपणे म्हणू शकत नाही. पण आठ वाजताच वर्गाकडे निघालेल्या मुलांना घरी थांबायचं की जायचं, हे ठरवण्याची संधी तरी मिळाली असती. 2008 मध्ये तिथल्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोका दिसताच विनाविलंब सूचना देणं विद्यापीठांवर बंधनकारक झालं.

ते दूरचं झालं. आता आपल्या शेजारचं. 25 नोव्हेंबर 2023 ला कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात, म्हणजे कुसॅटमध्ये, तंत्रमहोत्सवाच्या संध्याकाळी खुल्या प्रेक्षागृहात गाण्याचा कार्यक्रम होता. प्रवेश एकाच दारातून चालू होता आणि दार ओलांडलं की लगेच खाली उतरणाऱ्या पायऱ्या. अचानक पाऊस आला. बाहेर थांबलेली गर्दी आडोशासाठी एकदम आत घुसली, पुढची मुलं पायऱ्यांवरून कोसळली, मागची त्यांच्यावर. चार जण गेले, त्यांतले तीन त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी. पोलिस बंदोबस्त मागणारं पत्र अभियांत्रिकी विभागाच्या प्राचार्यांनी आधीच कुलसचिव कार्यालयाला दिलं होतं आणि ते पुढे सरकलं नाही, अशा बातम्या नंतर आल्या. यात भूकंप नव्हता, महापूर नव्हता. सातच्या सुमाराचा पाऊस, एक दार आणि टेबलावर राहिलेलं एक पत्र. त्या दारापाशी उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला ‘पाऊस आला की दुसरी वाट उघडायची, कोणाला विचारायचं नाही’ एवढं एक वाक्य कोणी आधी सांगून ठेवलं असतं तर?

आपल्या गॅदरिंगची, युवक महोत्सवांची, दहीहंडीची ठिकाणं एकदा या नजरेनं पाहावीत. मंडपाला बाहेर पडायच्या वाटा किती, जनरेटर कुठे ठेवला आहे, वाहनं लावून कोणती वाट बंद केली आहे. कार्यक्रमाची परवानगी देताना ध्वनिक्षेपकाची वेळ तपासली जाते, वाटा मोजल्या जात नाहीत.

सगळ्यात जास्त काळजी मात्र मला मुलींच्या वसतिगृहांची वाटते. रात्री साडेनऊ-दहाला हजेरी होते आणि तळमजल्याचं चॅनल गेट कुलूपबंद होतं. खिडक्यांना आतून-बाहेरून लोखंडी जाळ्या. दोन जिन्यांपैकी मागचा जिना ‘गैरवापर होतो’ म्हणून कायमचा बंद, आणि त्याच्या पायथ्याशी मोडक्या खाटा, गाद्या आणि जुनी कपाटं रचलेली. भिंतीवर अग्निशामक सिलिंडर असतं. त्याच्या गळ्यातल्या कार्डावर पुनर्भरणाची तारीख उलटून गेलेली, आणि शेजारी मुलींच्या कॉइल आणि इंडक्शन शेगड्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. कुलपाची किल्ली रेक्टरच्या खोलीत, एका खिळ्याला. रेक्टर सुटीवर असतील तर ती मदतनीस बाईंच्या कमरेला, आणि त्या बाईंना सक्त ताकीद दिलेली: पालक आले तरी आणि मुलगी रडली तरी सकाळी सहाच्या आत दार उघडायचं नाही. हे दृश्य मी राष्ट्रीय सेवा योजनेच्या कामानिमित्त अनेक गावांत, अनेक संस्थांत पाहिलेलं आहे.

आता रात्री अडीचला दुसऱ्या मजल्यावर शॉर्टसर्किट झालं असं समजा. धूर वर चढतो आहे, दीडशे मुली त्या एका गेटपाशी जमल्या आहेत. बाई काय करतील? पहिला फोन रेक्टरना लावतील. रेक्टर कुलसचिवांना लावतील. मे 2019 मध्ये सुरतच्या तक्षशिला संकुलातल्या आगीत शिकवणीला आलेली 22 मुलं गेली, त्यांतल्या काहींनी जीव वाचवण्यासाठी वरच्या मजल्यावरून उड्या टाकल्या होत्या. त्या खिडक्यांना जाळ्या नव्हत्या. आपल्या वसतिगृहांच्या खिडक्यांना आहेत.

सुरक्षेच्या नावाखाली लावलेलं कुलूप आगीत सापळा होतं, आणि तो सापळा आपण प्रामुख्यानं मुलींसाठी तयार केला आहे. मुलांच्या वसतिगृहाचं दार रात्रभर उघडं असतं. पालकांची भीती मी नाकारत नाही. मुलगी परगावी ठेवताना आईवडिलांच्या पोटात गोळा येतो, हे खरं आहे. पण आतून विनाकिल्ली उघडणारी, उघडताच घंटा वाजवणारी आपत्कालीन दारं बाजारात मिळतात. मॉल आणि चित्रपटगृहात ती आपण रोज पाहतो. तेवढा खर्च होईपर्यंत दोन गोष्टी आजच करता येतील: किल्लीची दुसरी प्रत दाराजवळच्या काचेच्या पेटीत, आणि धूर, आग, हादरा किंवा गंभीर आजार यांपैकी काहीही दिसल्यास तिथं हजर असलेल्या कोणीही ती पेटी फोडावी, असा कुलगुरूंच्या सहीचा आदेश त्याच भिंतीवर.

सहीचा आदेश हा माझा हट्ट आहे आणि त्यामागे कारण आहे. आपल्याकडे खालचा माणूस निष्काळजीपणामुळे थांबत नाही, ‘चौकशी लागेल’ या भीतीनं थांबतो. आज बहुतेक ठिकाणी रक्षक ठेकेदारामार्फत येतात. दर टेंडरला एजन्सी बदलते, एजन्सी बदलली की माणसं बदलतात. अशा माणसानं मनानं दार उघडलं आणि आग किरकोळ निघाली, तर दुसऱ्या दिवशी त्याला काढून टाकायला एक फोन पुरतो. त्यानं उघडलं नाही आणि माणसं गेली, तर निलंबनही त्याचंच आणि गुन्हाही त्याच्यावरच. या कोंडीत सापडलेल्या माणसाकडून धैर्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात सद्हेतूनं केलेल्या कृतीला संरक्षण देणारं कलम आहे. त्याच धर्तीवर प्रत्येक विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेनं ठराव करावा: संकटाच्या शंकेनं दार उघडणाऱ्या, घंटा वाजवणाऱ्या, 108 किंवा 112 ला फोन करणाऱ्या कोणत्याही व्यक्तीवर, मग ती कंत्राटी असो की विद्यार्थी, त्या कृतीबद्दल कारवाई होणार नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 कुलगुरूंना तातडीच्या प्रसंगी निर्णय घेऊन नंतर कळवण्याची मुभा देतो. ती मुभा वरच्या खुर्चीपर्यंतच का थांबावी?

यावर एक आक्षेप हमखास येतो. खालच्यांना अधिकार दिला तर रोज खोट्या घंटा वाजतील. काही वाजतील. मुलं थट्टाही करतील. पण अधिकार म्हणजे मनमानी नव्हे, आणि हे कसं साधायचं याचं उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे.

कोल्हापूरला पावसाळ्यात कोणालाही विचारा, पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर किती फूट आहे ते त्याला ठाऊक असतं. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. हे आकडे रिक्षावाल्याला, दूधवाल्याला, शाळेतल्या पोराला पाठ आहेत. 39 च्या जवळ पाणी आलं की चिखली-आंबेवाडीकडची माणसं जनावरं हलवायचं बघू लागतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या पत्राची वाट पाहत बसत नाहीत. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि 2021 मध्ये 56 च्या वर, तेव्हा नुकसान अफाट झालं हे खरंच आहे. एवढ्या पाण्यापुढे आकड्यांचं शहाणपण अपुरं पडतं. तरी अर्ध्या रात्री निर्णय घेणाऱ्या शेतकऱ्याकडे एक मोजपट्टी होती, आणि ती त्याच्या वरच्या साहेबाकडे होती तीच होती.

विद्यापीठाला असे इशाऱ्याचे आणि धोक्याचे आकडे हवेत. तळघरातल्या ग्रंथालयात किंवा सर्व्हर खोलीत घोट्याएवढं पाणी दिसलं की वीज बंद करायची आणि माणसं बाहेर काढायची, पंप नंतर. जुलै 2024 मध्ये दिल्लीच्या राजेंद्रनगरात तळघरातल्या अभ्यासिकेत पाणी शिरून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तिघं बुडाले. पुण्याच्या पेठांमधल्या किती अभ्यासिका तळघरात आहेत, हे आपण सगळे जाणतो. प्रयोगशाळेत वायूचा वास आला की मोठ्यानं ओरडून मजला रिकामा करायचा, कारण शोधायला थांबायचं नाही. कार्यक्रमात ठरवलेल्या क्षमतेचं शेवटचं माणूस आत गेलं की दार बंद, आणि पाऊस आला की सगळी दारं बाहेरच्या बाजूनं उघडी. आकडा ठरलेला असला की रक्षकाला हुशारी दाखवावी लागत नाही आणि साहेबांना रागावायला जागा राहत नाही.

प्रयोगशाळांचा विषय निघालाच आहे तर मायापुरीची आठवण करून देणं भाग आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात 1970 च्या सुमारास आणलेलं एक गॅमा किरणोत्सर्जक यंत्र होतं. 1985 च्या सुमारास त्याचा वापर थांबला. ते वापरणारी माणसं निवृत्त झाली, यंत्र तिथंच राहिलं. फेब्रुवारी 2010 मध्ये विभागानं जुनं सामान लिलावात काढलं, त्यात हेही गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं गेलं आणि आतला कोबाल्ट-60 हा किरणोत्सर्गी पदार्थ उघडा पडला. एक कामगार किरणोत्सर्गानं मरण पावला, आणखी काही जण गंभीर आजारी पडले. देशातल्या सर्वांत प्रतिष्ठित विद्यापीठांपैकी एकाला आपल्या खोलीत काय ठेवलं आहे हे माहीत नव्हतं. त्या कामगारांचा विद्यापीठाशी काही संबंध नव्हता, ते तर पोटासाठी लोखंड कापत होते.

मला हा सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रसंग वाटतो, कारण इथं घाई, गर्दी, रात्र यांपैकी काहीच नव्हतं. पंचवीस वर्षं वेळ होता. आपल्याकडे प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत, प्रयोगशाळा सहायक निवृत्त झाला की ती जागाच गोठवली जाते, आणि त्याच्याबरोबर कोणत्या कपाटात काय आहे याची माहितीही निघून जाते. ईथरच्या जुन्या बाटल्या, ज्यांत काळानुसार स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात, अशा कपाटांत पडून असतात. डिसेंबर 2018 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत वायूच्या सिलिंडरचा स्फोट होऊन एक तरुण संशोधक गेला, तिथं तर तज्ज्ञांची वाण नव्हती. तेव्हा प्रत्येक विभागाची रसायनं, सिलिंडर आणि किरणोत्सर्गी वस्तू यांची यादी दरवर्षी जूनमध्ये नव्यानं व्हावी, तिची एक प्रत प्रयोगशाळेच्या दाराबाहेर लागावी आणि एक अग्निशमन केंद्राकडे जावी. आग विझवायला आलेल्या जवानाला आत पाण्यानं पेट घेणारं सोडियम आहे की नाही हे पाणी मारण्याआधी कळलंच पाहिजे.

आता विद्यार्थ्यांकडे येतो. आराखड्यात विद्यार्थी हा बहुधा ज्याला वाचवायचं तो असतो. प्रत्यक्षात पहिली पंधरा-वीस मिनिटं तोच वाचवणारा असतो. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात सप्टेंबर 2010 चा भूकंप झाल्यावर कँटरबरी विद्यापीठाच्या मुलांनी स्वतःहून स्वयंसेवकांची फळी उभारली, आणि 22 फेब्रुवारी 2011 च्या दुसऱ्या भूकंपात 185 माणसं गेली तेव्हा हीच मुलं हजारोंच्या संख्येनं फावडी घेऊन रस्त्यांवरचा गाळ उपसत होती. विद्यापीठानं तंबू ठोकून त्यांत वर्ग सुरू केले. आपल्याकडे तर पाया तयार आहे. राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकारानं राष्ट्रीय सेवा योजनेचं ‘आव्हान’ हे आंतरविद्यापीठ आपत्ती व्यवस्थापन शिबिर वर्षानुवर्षं भरतं. एनडीआरएफचे, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे, जवान मुलामुलींना दोरीवरून उतरायला, जखमीला उचलायला, छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवायला शिकवतात. मेळघाटापासून सिंधुदुर्गापर्यंतची मुलं तिथं जीव ओतून शिकतात. परत आल्यावर त्यांना प्रमाणपत्र मिळतं आणि विषय संपतो. त्यांच्या वसतिगृहाच्या आराखड्यात त्यांचं नावही नसतं! प्रत्येक मजल्यावर अशा दोन प्रशिक्षित विद्यार्थ्यांची नावं लावणं, त्यांच्याकडे शिट्टी, विजेरी आणि किल्लीच्या पेटीची जबाबदारी देणं, याला कोणतं अनुदान लागतं?

याच मुलांना आणखी एका संकटासाठी तयार करावं लागेल. वसतिगृहात रात्री घडणारी सर्वांत गंभीर घटना बहुतेक वेळा एका बंद खोलीत एकट्यानं घडते. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी माजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमलं. समुपदेशक मात्र सकाळी अकरा ते पाच असतो. खोलीतल्या मित्राचं बोलणं बदललं आहे, तो सामान वाटून टाकतो आहे, हे रात्री बाराला फक्त शेजारच्या खाटेवरच्या मुलाला दिसतं. त्यानं त्याला एकटं सोडू नये, रेक्टरना उठवावं, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक लावावा, आणि यात मित्राची बदनामी होणार नाही याची त्याला खात्री असावी. हा आराखड्याचाच भाग आहे, वेगळ्या कक्षाचा विषय नाही.

वरच्या पातळीवरही निर्णय कोणाचा हे आधी ठरलेलं नसलं की काय होतं, ते 2020 मध्ये आपण सोसलं आहे. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या नाहीत असं राज्यानं जूनमध्ये ठरवलं. 6 जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगानं सप्टेंबरअखेर त्या घ्याच असं सांगितलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 28 ऑगस्टला निकाल आला: आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली राज्य परीक्षा पुढे ढकलू शकतं, पण परीक्षेशिवाय पदवी देऊ शकत नाही. तोवर लाखो मुलांचे महिने गेले होते. नोकरीचं पत्र हातात आणि गुणपत्रिका नाही, अशी ती मुलं होती. त्या निकालाला इतकी वर्षं झाली. आता तरी महापुरात, साथीत किंवा सर्व्हर बंद पडल्यावर परीक्षा कोणत्या टप्प्यावर कोण पुढे ढकलणार आणि किती तासांत कळवणार, हा नियम विद्यार्थ्याला प्रवेशाच्या माहितीपुस्तकात सापडला पाहिजे. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठात संगणकीय मूल्यांकनाचा घोळ होऊन निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि शेवटी कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. तेही संकटच होतं, आणि पर्यायी व्यवस्था आधी ठरवलेली नव्हती म्हणून ते चिघळलं.

पैसा नाही हे उत्तर मला मान्य नाही. वर जे मागितलं त्यातलं बहुतेक एका सहीचं, एका यादीचं, एका शिट्टीचं आहे. जिथं खर्च आहे, तिथं कायदा आधीच सोबत आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे फॉर्म बी म्हणतात, दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. संलग्न महाविद्यालयात चौकशी समिती जाते तेव्हा ग्रंथालयातली पुस्तकं मोजते. तिनं वसतिगृहाचं फॉर्म बी पाहिल्याशिवाय संलग्नता पुढे चालू ठेवण्याची शिफारस करू नये.

हे घडवण्याची जागा विद्यापीठाची अधिसभा, म्हणजे सिनेट, आहे. मार्चमध्ये अर्थसंकल्पाची बैठक असते. नोंदणीकृत पदवीधरांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, निवडून दिलेले सदस्य तिथं बसतात. त्यांना आत्ताच गाठून सांगायला हवं की तीन गोष्टी लेखी विचारा. रात्री वसतिगृहाचं दार उघडण्याचा अधिकार कोणाला आहे आणि तो आदेश कोणत्या तारखेचा आहे. प्रयोगशाळांची यादी शेवटची कधी झाली. आणि इमारत रिकामी करण्याची मागची तालीम रात्री, पूर्वसूचना न देता झाली का. झाली असेल तर चाकाच्या खुर्चीवरचा विद्यार्थी धरून पूर्ण इमारत किती मिनिटांत रिकामी झाली. हा शेवटचा आकडा प्रत्येक वसतिगृहाच्या फलकावर, मेसच्या दराशेजारी, लागलेला असावा.